मनमिळाऊ नव्हे

क्रेनवाली दोन वर्षं परदेशात शिकून आली आणि तिने यार्डातल्या सुपरवायझरच्या जागेसाठी अर्ज केला. फॉर्मवर क्रेनची परीक्षा, गुण, अनुभव, सगळं भरलं. खाली स्वतःच्या हाताने एक ओळ घातली : ‘भाषा न कळणाऱ्या माणसांबरोबर बिनचूक काम करणे.’

कारकुनाने त्या ओळीवर काट मारली. “ताई, याला रकाना नाही.”

“मग रकाना पाडा.”

“माणसांशी बोलायला कोणी परदेशात जातं का? आमची म्हातारी अख्ख्या गल्लीशी बोलते. तिलाही करू सुपरवायझर?”

खोलीत हशा पिकला. ती हसली नाही. तिकडची भाषा कळत नव्हती, तेव्हा पहिले चार महिने तिने नुसती मान डोलावली होती. न कळलेल्यालाही हो. त्या एका होकारापायी क्रेनला टांगलेला दोन टनांचा लोखंडी गर्डर एका माणसाच्या पायापासून वीतभर अंतरावर टेकला. त्यानंतर ‘मला कळलं नाही, परत सांगा’ हे चारचौघांत म्हणायला ती शिकली. क्रेनपेक्षा ते जड गेलं. तिथे त्याचीही परीक्षा होती, आणि तीत ती पहिल्या खेपेला नापास झाली होती.

आवाज ऐकून साहेब बाहेर आले. “कशाला अडून बसलीस? जागा तुलाच देतोय. ती ओळ सोड.”

“क्रेनच्या गुणांवर द्यायची तर माझ्या वर दोघं आहेत, साहेब. त्यांना द्या. मला देताय तर कशासाठी, ते लिहा.”

“आणि नाही लिहिलं तर?”

“तर क्रेन आहेच की मला. पण तुम्हाला ‘हो साहेब’ म्हणणाऱ्यांतल्या किती जणांना कळलेलं असतं, ते एकदा बघा.”

गेल्याच महिन्यात अशाच एका ‘हो साहेब’पायी गोदामाची भिंत पडली होती. साहेबांनी घसा खाकरला. “लिही रे.”

कारकुनाने वळणदार अक्षरात लिहिलं, ‘स्वभाव मनमिळाऊ’, आणि फॉर्म सहीसाठी पुढे सरकवला.

तिने वाचलं. पेन खाली ठेवलं.

“हे कोणाचं? मी मनमिळाऊ नाही. माझ्या नवऱ्याला विचारा, बसवून सांगेल. आणि स्वभाव आईबापांनी दिला. हे मी राबून शिकले. शिकलेलं लिहा.”

कारकुनाने साहेबांकडे पाहिलं. साहेब खिडकीबाहेर बघत होते. मग त्याने नवा फॉर्म काढला, आणि ती टेबलापाशी उभी राहून एकेक शब्द सांगू लागली.