दुधनीच्या गच्चीवर माझी गादी

गेल्या वर्षी दुधनीला, सासुरवाडीत, मी अंथरूण ओलं केलं. म्हणजे केलं नव्हतं. पण केलं असं भरल्या घरात मीच जाहीर केलं!

खरा पराक्रम आमच्या ओवीचा. ओवी आठ वर्षांची. सोलापुरात नळाला पाणी काही दिवसांआड येतं, पण आमच्या जुळे सोलापुरातल्या फ्लॅटमध्ये गादीवर मात्र जवळजवळ रोज! बाल्कनीत कायम चादरी वाळत. समोरच्या काकूंनी एकदा विचारलंच, "तुमच्याकडं रोज पाव्हणे मुक्कामाला असतात का हो?" आम्ही सगळं करून बघितलं. संध्याकाळनंतर पाणी बंद, झोपताना बाथरूमची फेरी, बक्षिसाचं आमिष... गादी ओली ती ओलीच. आणि ओवी तर इतकी गाढ झोपायची, की शेजारी बँजो वाजवला तरी हलणार नाही!

तशात मेव्हण्याच्या बाळाचं बारसं ठरलं. दोन दिवस दुधनीला मुक्काम. ओवी म्हणाली, "मी येणार नाही."

"का गं?"

"सृष्टीताई हसेल." सृष्टी म्हणजे तिची मामेबहीण. एकदा तिला कळलं की तिच्या अख्ख्या वर्गाला कळलं.

ओवीचा चेहरा बघून मला भरून आलं. मी छाती पुढं काढून म्हणालो, "काही झालं तर बाबा बघून घेईल!" (असली वाक्यं बोलण्याआधी माणसानं बायकोला विचारावं.)

दुधनीला पोचल्यावर दुसऱ्या दिवशी सकाळी कानाशी कुजबुज झाली. "बाबा... झालं."

बघतो तर गादीवर भलं मोठं तळं! ओवीचे डोळे डबडबलेले. तिला पटकन बाथरूमकडं पिटाळलं आणि काहीतरी करून तो डाग झाकावा म्हणून मी घाईघाईत त्याच्यावरच फतकल मारून बसलो. तेवढ्यात गाद्या गोळा करायला मामी आल्या. मामी म्हणजे माझ्या सासूबाई.

"जावयबापू, उठा की. गाद्या उचलायच्यात."

"मामी, थांबा! इथं पाणी सांडलंय. माझ्याकडून. तांब्या लवंडला."

मामींनी उशाचा तांब्या उचलून उलटा केला. आत पानसुपारी होती! ती घरंगळत माझ्या पायाशी आली. मामींनी सुपारीकडं बघितलं, गादीकडं बघितलं, मग मी उठलो तसं माझ्या ओल्या लुंगीकडं बघितलं.

"अय्यो शिवा!" मामी हळू आवाजात म्हणाल्या. (मामींचा हळू आवाज अक्कलकोटला ऐकू जातो.) "कवापासनं हाय हे?"

दारात ओवी उभी होती. कपडे बदललेले, ओठ थरथरतोय. तिच्यामागं साक्षात सृष्टी! आता माघार घेतली तर संपलंच.

मी म्हणालो, "लहानपणापासून."

मग काय विचारता! मेव्हण्यानं गादी खांद्यावर घेतली आणि गच्चीवर नेऊन भर रस्त्याच्या बाजूला वाळत टाकली. बारशाला येणारा प्रत्येक माणूस मान वर करून विचारायचा, "कुणाची गादी?" आणि खालून कुणीतरी प्रेमानं सांगायचं, "जावयाची."

मामी हुकूम सोडत फिरत होत्या. "जावयबापूंना पाणी बेतानं वाढा गं! ताक तर दावू बी नका!" बाहेर उन्हानं फुफाटा झालेला आणि मी जिलेबीबरोबर कोरडा आवंढा गिळतोय! कुणीतरी तिळगुळाचे लाडू आणून पुढं ठेवले. "ह्येनं थांबतंय. रोज खायाचं." मी खाल्ले. एक म्हातारे काका तर मला कोपऱ्यात घेऊन गेले आणि हात दाबून म्हणाले, "पोरा, कष्टी हू नगंस. मला बी लग्नापत्तोर हुतं."

"सुटलं कसं?" मी विचारलं. (सवयीनं तोंडून गेलं.)

"बायकूनं जागंच ठिवलं की!"

माझी बायको वैशाली पदरात तोंड खुपसून हसत होती. "अहो, 'पाणी सांडलं' एवढ्यावर थांबायचं की! लहानपणापासून कशाला म्हणालात?"

"पोरीसाठी!"

आणि पोर? ती अंगणात सृष्टीबरोबर मोकळेपणानं ओरडत पळत होती. तिला असं बघून मला ते लाडू थोडे गोड लागले.

जेवणं झाल्यावर सगळे माजघरात आडवे झाले. एरवी दुपारी मी पाठ टेकताच घोरायला लागतो. त्या दिवशी मात्र घशाला कोरड आणि पोटात तिळाचा गोळा. झोप कुठली यायला! आणि तेव्हा मला घोरणं ऐकू आलं. जोरदार, अगदी माझ्या तोडीचं!

"तुम्ही जागे?" वैशाली ताडकन उठून बसली. "मग घोरतंय कोण?"

आम्ही बघितलं. ओवी! तोंड उघडं, मान मागं टाकलेली. घोरता घोरता तिचा आवाज एकदम बंद झाला. छाती हलतेय, पण श्वास जात नाही. मग तिनं मोठा आचका दिला, कूस बदलली आणि पुन्हा घोरायला लागली.

"देवा! घरी मला वाटायचं, सगळा आवाज तुमचाच," वैशाली म्हणाली. तिच्या आवाजातलं हसू गेलं होतं.

आम्ही तसाच मोबाइलवर व्हिडिओ काढला आणि दुसऱ्याच दिवशी सोलापूरला डॉक्टरांकडं निघालो. मामी हट्टानं गाडीत बसल्या. "जावयाला दाखवताय न्हवं? मग मी येणारच!"

दवाखान्यात खुर्चीवर बसण्याआधीच त्यांनी सुरुवात केली. "डॉक्टरीणबाई, हे आमचं जावई. झोपंत गादी वली करत्यात."

डॉक्टर बाई दचकल्या. "आजी, मी लहान मुलांची डॉक्टर आहे."

"मग? ह्येंचा आजार बी ल्हान पोराचाच हाय की!"

वैशालीनं मामींना नारळपाणी पाजायच्या निमित्तानं बाहेर नेलं, तेव्हा कुठं मला खरं बोलता आलं. डॉक्टरांनी व्हिडिओ दोनदा बघितला. दिवसा पेंगते का, चिडचिड करते का, तोंडानं श्वास घेते का, सगळं विचारलं. सगळ्याला उत्तर हो! मग त्यांनी सोप्या शब्दांत सांगितलं. नाकाच्या मागची गाठ वाढली असेल तर झोपेत श्वास अडतो, झोप सारखी मोडते, मूल थकून जातं. मग लघवीची जाणीव होऊन जाग येत नाही, शिवाय रात्री लघवीही जास्त तयार होऊ शकते. "प्रत्येक मुलाचं कारण हेच नसतं. आधी लघवी तपासू, नाक-घशाच्या डॉक्टरांना दाखवू. पण रागावू नका हं तिला."

ओवी इतका वेळ फरशीकडं बघत होती. तिनं मान वर केली. "म्हणजे मी मुद्दाम नाही करत ना?"

"मुळीच नाही, बाळा."

तिनं एवढा मोठा सुस्कारा सोडला, की टेबलावरचे कागद हलले! मलाच डोळे पुसावे लागले. बाहेरून काचेतून मामी बघत होत्या. त्यांचा समज आणखी पक्का झाला!

गाठ खरंच वाढलेली निघाली. छोटंसं ऑपरेशन झालं. घोरणं आधी थांबलं. मग हळूहळू, एखादा दिवस चुकत-माकत, गादी कोरडी राहायला लागली. बाल्कनी इतकी मोकळी दिसायला लागली, की समोरच्या काकूंनी विचारलं, "पाव्हणे गेले वाटतं?"

परवा दुधनीला पुन्हा मुक्काम पडला. संध्याकाळी मामींनी ओळीनं गाद्या घातल्या. सगळ्यांच्या गादीवर फुलाफुलांच्या चादरी आणि माझ्या गादीवर बाळाचं रबरी कापड, दोन पदरी! मी उशी घेऊन त्यावर आडवा व्हायला निघालो. पण ओवीला राहवेना. माझा अपमान बघून ती भर माजघरात कमरेवर हात ठेवून उभी राहिली.

"आज्जी, काढ ते! बाबांचं आता बंद झालंय! कित्ती दिवसांत एकदाही गादी ओली केली नाही त्यांनी!"

सगळं घर थक्क झालं. मामींनी कडाकडा बोटं मोडून माझी दृष्ट काढली. मेव्हण्यानं टाळ्या सुरू केल्या, मग सगळ्यांनीच वाजवल्या; सृष्टीनं तर शिट्टी मारली! आता एवढं मनापासून कौतुक होतंय म्हटल्यावर माणसानं करावं काय? मी उभा राहिलो आणि हात जोडून म्हणालो, "तुमच्या सगळ्यांचे आशीर्वाद!"