साठ हजारांचा रकाना

मोहाडीच्या तहसील कार्यालयासमोर ऑनलाइन फॉर्म भरून देण्याचं एक दुकान आहे. बी.ए. झाल्यापासून मी तिथे काम करते. उत्पन्नाचा दाखला, जातीचा दाखला, शिष्यवृत्ती, सातबारा, जे येईल ते. पण मे-जूनमध्ये दुकान भरून जातं ते कॉलेजच्या प्रवेशांनी. बाप खुर्चीच्या टोकावर बसतो, पोरगी मागे उभी राहते, आणि गुणपत्रिका माझ्यापुढे सरकवून तो विचारतो, "बाई, नंबर लागन का हिचा?" मी गुण पाहायचे, प्रवर्ग पाहायचा, मागच्या वर्षीची यादी उघडायची आणि सांगायचं, नागपूर कठीण आहे, भंडारा नक्की. बहुतेक वेळा माझं खरं ठरायचं. त्याचा मला थोडा ताठाही होता.

माझी धाकटी बहीण तेव्हा तुमसरला बारावीत होती. आमचे बाबा मासेमारी करतात. गावचा तलाव मच्छीमार सोसायटीकडे आहे, त्यात त्यांचा वाटा. आई ते मासे बाजाराच्या दिवशी मोहाडीत विकायला बसते. बहिणीला जीवशास्त्र शिकायचं होतं, तेही नोकरीपुरतं नाही, पुढे संशोधनापर्यंत. तिच्या कॉलेजातल्या बाईंनी तिला दोन खासगी विद्यापीठांची नावं सांगितली. एक उत्तरेत, एक दक्षिणेत. जागा मोजक्या, देशभरातली मुलं अर्ज करणार. फीचा आकडा ऐकून आईने शांतपणे विचारलं, "हे एका वर्साचे आहेत का जलमभराचे?"

बाई म्हणाल्या होत्या की निवड झाली तर घरच्या ऐपतीप्रमाणे फी माफ होते. त्यामुळे मी कामाला लागले. नेहमीप्रमाणे मागच्या वर्षीची यादी शोधली, तर यादीच नाही. इतके गुण म्हणजे प्रवेश, असं कुठे लिहिलेलंच नाही. गुण पाहणार, निबंध वाचणार, मुलाखत घेणार आणि मग ठरवणार. याद्यांच्या भरवशावर लोकांना भविष्य सांगणारी मी, पहिल्यांदाच मला काही सांगता येईना.

जवाहरनगरच्या फॅक्टरीतले एक साहेब कामासाठी दुकानात येत. त्यांचा मुलगा अशाच एका विद्यापीठात शिकून आला होता. एका रविवारी मी त्यांच्या क्वार्टरवर गेले. त्यांच्या बायकोने पोहे दिले आणि साहेबांनी सल्ला दिला. "मदत जितकी जास्त मागाल, तितका चान्स कमी. सगळीकडे नसेल तसं, पण मदतीचा पैसा मोजका असतो ना."

ते वाक्य मी घरी घेऊन आले. फॉर्ममध्ये एक रकाना होता: कुटुंब दरवर्षी किती रक्कम देऊ शकेल? निबंध बहिणीने लिहिले, आकडे भरायचं काम माझ्याकडे होतं. उत्तरेकडच्या विद्यापीठाच्या फॉर्ममध्ये त्या रकान्यात मी साठ हजार लिहिले आणि फॉर्म पाठवून दिला. बँकेत माझे स्वतःचे साधारण तेवढे होते, बी.एड.साठी ठेवलेले. पुढच्या वर्षांचं पुढे बघू, असं मी मनाशी म्हटलं. घरी कुणाला काही सांगितलं नाही.

दक्षिणेकडचा फॉर्म भरताना बहीण दुकानात माझ्या शेजारी येऊन बसली. दुपारची वेळ होती, गिऱ्हाईक नव्हतं. तिथेही मी साठ हजारच टाकले होते. पडद्यावर बोट ठेवून तिने विचारलं,

"ताई, हे साठ हजार कोनाचे?"

"आपले."

"आपले म्हंजे कोनाचे? बाबाचे त नाईत."

"माझ्याजवळ आहेत. तुले का कराचं आहे? तू तुझा निबंध पाय."

"थे तुझ्या बी.एड.चे आहेत."

"बी.एड. मी पुढच्या वर्सी करन."

"तीन वर्सं झाले, तू पुढच्या वर्सीच करून राहिली."

मला राग आला. हिच्यासाठी एवढं करते आणि वर हीच मला ऐकवते! मी कॉम्प्युटर बंद केला. संध्याकाळी ती घरी बाबांसमोर बोललीच. बाबा पडवीत जाळं शिवत बसले होते. त्यांनी सुई थांबवली नाही.

"खरं किती देता येते, थे लिवा," ते म्हणाले.

"बाबा, खरं लिवलं त नंबर लागन की नाई, सांगता नाई येत."

"नाई लागन त नाई लागन. पन नंबर लागला, आन दुसऱ्या वर्सी पैसे भरता नाई आले, त पोरगी अर्ध्यातून वापस येईन. थे चांगलं का?"

दक्षिणेकडच्या फॉर्ममध्ये आम्ही वीस हजार लिहिले. उत्तरेकडचा तर गेलाच होता.

महिनाभराने दक्षिणेकडून मुलाखतीचा निरोप आला. बहिणीची मुलाखत झाल्यावर मदतीचं काम पाहणाऱ्या मॅडमना घरच्यांशीही बोलायचं होतं. रेंज नीट मिळते ती तलावाच्या पाळीवर, वरच्या बांधावर, म्हणून आम्ही सगळे तिथेच जाऊन बसलो. बाबा नुकतेच पाण्यातून वर आले होते. त्यांनी कोरडा शर्ट चढवला, पण ओले केस तसेच राहिले. मॅडम हिंदीतून बोलत होत्या. साल में कितना दे पाएँगे, असं त्यांनी विचारलं.

बाबा म्हणाले, "मॅडम, तलाव भरा तो बीस हजार. नहीं भरा तो वो भी मुश्किल. झूठ काहे को लिखना?"

मी खाली मान घातली. आता गेलं, असंच वाटलं. मॅडमनी मात्र विचारलं की तलाव किती वर्षांत एकदा भरत नाही. मग बाबा जे सुरू झाले! पाऊस, माशांचं बीज कधी सोडतात, कोणते मासे आधी मरतात, सगळं सांगत सुटले. शेवटी बहिणीनेच त्यांच्या हातून फोन काढून घेतला.

उत्तरेकडच्यांनी नुसती बहिणीची मुलाखत घेतली होती. निकाल आधी त्यांचाच आला. निवड झाली होती. फीमध्ये भरपूर सूट, वर्षाला साठ हजार आम्ही भरायचे. मी दुकानात ओरडलेच. मी म्हटलं नव्हतं का! दुसऱ्या दिवशी दक्षिणेकडचं पत्र आलं. त्यात तिचं नाव प्रतीक्षा यादीत होतं. मला तर सगळा हिशेब पटला. कमी मागितलं तिथे लागला नंबर, जास्त मागितलं तिथे अडकला.

बहिणीने उत्तरेकडे खरी परिस्थिती लिहून कळवली. उत्तर सभ्य होतं: यंदाची मदत वाटून झाली आहे, आहे तीच मान्य असेल तर आठवड्याभरात कळवा.

"कळवून टाक," मी म्हणाले.

"चार वर्सं आहेत ताई. एक नाई."

तिने जागा सोडली. दोन दिवस मी तिच्याशी बोलले नाही. आईने आम्हाला एका ताटात जेवायला बसवलं तेव्हा कुठे तोंड उघडलं, तेही मीठ मागायला.

माझ्या पद्धतीचा एक फॉर्म मी आधीच भरून ठेवला होता. नागपूरचं सरकारी कॉलेज. तिथे यादी होती, कट-ऑफ होती आणि मी सांगितल्याप्रमाणे तिचा नंबर लागला. वसतिगृहासाठी तिने बादली आणि प्लास्टिकचा मग घेतला. ती नाराज नव्हती. कॉलेज चांगलं होतं, त्यातल्या त्यात घराजवळ होतं, आणि ती जिथे जाईल तिथे अभ्यास करणारच होती.

मग एका बाजाराच्या दिवशी, ती आईजवळ मासे विकायला बसलेली असताना फोन आला. प्रतीक्षा यादीतून तिचं नाव पुढे सरकलं होतं. तिने आईला सांगितलं. आई समोरच्या बाईची रोहू साफ करत होती. तिने ती पूर्ण साफ केली, तुकडे केले, पिशवीत घालून दिले आणि मग म्हणाली, "जा, ताईले सांग."

बहीण धावत दुकानात आली. हाताला खवलं चिकटलेली होती, म्हणून ईमेल मीच उघडला. वसतिगृह, जेवण, सगळं धरून वर्षाला वीस हजार. तलाव भरला नाही अशा वर्षी सोसायटीचं पत्र द्या, पुन्हा विचार करू, असंही खाली लिहिलं होतं. ती ओळ मी संध्याकाळी बाबांना मराठीत करून दोनदा वाचून दाखवली.

साठ हजार लिहिल्यामुळे उत्तरेकडे निवड झाली का, हे आम्हाला कधीच कळलं नाही. दक्षिणेकडच्या मॅडमना बहिणीने नंतर विचारलं होतं. त्या म्हणाल्या, आमच्याकडे निवड आधी होते, पैशांचं नंतर पाहतो. म्हणजे साहेबही चुकीचे नसतील, आणि बाबा तर नव्हतेच. प्रत्येक ठिकाणची रीत निराळी. आता माझ्या दुकानात कुणी असल्या कॉलेजचं विचारलं, तर पहिल्यांदा तिथल्या ऑफिसात फोन लावून निवड करताना पैसे पाहता का, हेच विचारते, मगच फॉर्म उघडते.

त्या वर्षी मी भंडाऱ्याला बी.एड.ला प्रवेश घेतला. दिवसा कॉलेज, संध्याकाळी दुकान. दमायला होत होतं, पण शाळेतल्या पहिल्या सराव पाठाला सहावीचा वर्ग हसत होता, आणि तो माझ्यावर नाही, मी सांगितलेल्या गोष्टीवर हसत होता, तेव्हा फार बरं वाटलं.

बहीण आता दक्षिणेकडे दुसऱ्या वर्षाला आहे. या मे महिन्यात सुट्टीला आली तेव्हा, पाणी उतरल्यावर ती बाबांबरोबर तलावात उतरली. तिला तलावातल्या माशांची नोंद करायची होती. ती वहीत शास्त्रीय नाव लिहायची, बाबा आपलं नाव सांगायचे. एका लहानशा माशाचं नाव तिला पुस्तकात सापडेना, तेव्हा बाबा इतके हसले की हातातला मासा सुटून पाण्यात गेला. "आता पकड," ते तिला म्हणाले. ती गुडघाभर पाण्यात वाकून शोधू लागली. मी चहाची किटली घेऊन पाळीवर बसले होते. म्हटलं, सावकाश शोधा, चहा गरम आहे.