पडलेल्या सुरूवरची अळंबी
सुनेने अळंबीचं पाकीट फोडलं, ओला मातकट वास आला आणि मी लढाईच्या दिवसांतल्या, उत्तनच्या माहेरच्या चुलीपाशी पोचले. घरातला तांदूळ संपला होता, बाबा होडीवर होते. वादळात पडलेल्या सुरूच्या झाडावर उगवलेली अळंबी आईने तिखट-मीठ घालून शिजवली. अनोळखी अळंबी रांधणारीनेच आधी खायची, ही आमच्याकडची रीत. तिने खाल्ली, टोप झाकला आणि आम्हा बहिणींना म्हणाली, "मी बोलत ऱ्हाते. गप झाले तर शेजारणीला हाक मारा." ती बोलत राहिली, आमचे डोळे तिच्या ओठांवर. मध्येच ती थांबली. धाकटी किंचाळत दाराकडे धावली. "अगो, घसा सुकला, पानी दे," आई हसली. दिवेलागणीला आम्ही पोटभर जेवलो. आत्ता सुनेने शिजलेल्या अळंबीची चव बघितली आणि गप्प झाली. "बोल गं काहीतरी," मी म्हणाले.