दसऱ्याची बाटली

रायापूरच्या त्या मेकॅनिकला ऑइलमध्ये घालायच्या औषधी बाटल्यांचा भारी राग. माझी जुनी स्कूटर धूर ओकायला लागली तेव्हा मी तसली एक बाटली नेली, तर खेकसला, "पिस्टनच्या झिजलेल्या रिंगा औषधानं भरून येतात काय ओ? इंजिन उघडायला पाहिजे."

तेवढ्यात, नवरा नुकताच वारलेल्या एक अक्का नवऱ्याची स्कूटर ढकलत आल्या. "दर दसऱ्याला आमचे हे असली बाटली घालायचे," पिशवीतून तसलीच बाटली काढत त्या म्हणाल्या. त्यानं ती बाटली निथळेपर्यंत ओतली, किक मारली, स्क्रूड्रायव्हरचं टोक इंजिनाला टेकवून मूठ कानाशी धरली. "आवाज मऊ झाला बघा, अक्का."

त्या गेल्यावर मीही माझी बाटली पुढं सरकवली.

"तुमचं उघडायलाच पाहिजे," तो म्हणाला.