दस्त्याचं दीड इंच

बाबांची रायफल भावाला देईन असा शब्द मी आईसमोर दिला होता, आणि तो मी पाळला. हे आधीच सांगून टाकते. रायपुरातले आमचे नातेवाईक मला ठाऊक आहेत. अर्धी गोष्ट ऐकतात आणि उरलेली आपल्या मनाने शिवतात.

रायफल काही फार मोठी चीज नव्हती. तीनशे पंधरा बोअरची, सरकारी कारखान्यातून निघालेली साधी शिकारी रायफल. शिकार तर कायद्याने कधीचीच बंद, नाव तेवढं उरलं होतं. बाबांनी ती अभनपूरच्या शेतीसाठी घेतली आणि तिने जन्मभर तेलाचे रिकामे डबे फोडले. बाबा गेले तेव्हा ती बंदुकीच्या दुकानात जमा झाली. वारसांपैकी कोणीतरी लायसन्स काढायला हवं होतं. माझा धाकटा भाऊ सिलतऱ्याला स्टील प्लांटमध्ये ठेकेदार. कलेक्टोरेटच्या चकरा मारायला त्याला वेळ कुठला! "ताई, सध्या तूच घे," म्हणाला आणि ना-हरकत पत्रावर सही करून मोकळा झाला. चकरा मी मारल्या. शपथपत्रं, फोटो, डॉक्टरचा दाखला, ठाण्यातली चौकशी, सगळं. माझं लेडीज टेलरिंगचं दुकान आहे. ऐन लग्नसराईत शटर ओढून मी त्या बाकड्यांवर बसले आहे.

लायसन्स आलं आणि मी रविवारी शहराबाहेरच्या रेंजवर जाऊ लागले. कागदी निशाण्यावर गोळ्या मारायच्या, एवढंच. खांदा काळानिळा करून घरी यायचे. लहानपणी मी बरी मारायचे. पंधरा वर्षांची असताना एका हिवाळ्यात बाबांनी शेतावर शिकवलं, तेव्हा डबा चुकत नव्हता माझा. पुढच्या वर्षी हातात घेतली तर सगळंच बिघडलेलं. गाल नीट टेकेना, बोट घोड्यापर्यंत पुरेना, धक्का थेट हाडावर. बाबा म्हणाले, "जाऊ दे, तुझ्या हातात आता तेवढा जोर नाही राहिला." मी मान्य केलं. पस्तीस वर्षं मी ते खरंच मानत होते.

आता त्या खंडेनवमीची गोष्ट. आमच्याकडे त्या दिवशी शस्त्रांची आणि हत्यारांची पूजा होते. पाटावर रायफल, तिचा बोल्ट काढून बाजूला ठेवलेला. शेजारी माझी कापडाची कात्री, भावाचं हेल्मेट, गाडीच्या किल्ल्या. कात्रीला हळदकुंकू मी लावायचं, रायफलला घरातल्या पुरुषाने. लायसन्स माझ्या नावावर असलं तरी गंध भावाच्याच हाताचं. तेही मी चालवून घेत होते. पण त्या वर्षी त्याने पूजा झाल्यावर रायफल उचलली, खांद्याला लावली आणि काका, मावशी, सुना, पोट्ट्या सगळ्यांसमोर म्हणाला, "लाठी है ये तो! मी लायसन्सचा अर्ज टाकला आहे. आलं की ही माझ्या नावावर. ताई तर नुसती सांभाळून राहिली."

मग फोन काढून चित्रं दाखवू लागला. लाकडाच्या जागी काळं प्लास्टिक, पुढे दोन पाय, वर हातभर दुर्बीण, आणि सगळ्या अंगावर पालापाचोळ्याची नक्षी. "बाबा की निशानी को थोड़ा मॉडर्न कर देंगे." सगळे दात काढून हसले. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. आयत्या बिळावर नागोबा म्हणतात तो हाच, आणि वर बिळाला रंग द्यायला निघाला!

मी तोंड उघडणार तेवढ्यात आई म्हणाली, "देऊन टाकजो वो बाई. भाऊच तर आहे."

आई अठ्ठ्याहत्तर वर्षांची. हातात नैवेद्याचं ताट. मी म्हटलं, "देईन."

शब्द गेला तो गेला. पण दुसऱ्या दिवशी घरोघरी सोनं वाटत फिरताना माझ्या डोक्यात दुसरं काही नव्हतं. देईन म्हटलं होतं, कशी देईन ते म्हटलं नव्हतं. मी ठरवलं, ही रायफल इतकी माझी करायची की त्याने स्वतःच्या तोंडाने, ह्याच लोकांसमोर, नको म्हणावं. त्याचं लायसन्स यायला वर्ष तरी लागणार होतं. वर्षभरात मी शंभर ब्लाउज शिवते, मग ही एक वस्तू काय!

खरं तर मला आधीच कळायला हवं होतं. कारखान्यातून आलेली रायफल म्हणजे रेडीमेड ब्लाउज. सगळ्यांना होतो म्हणून कोणालाच नीट होत नाही. लोक काय करतात? वरून लेस लावतात, मोती लावतात, आणि बाही काखेत काचतेच आहे. माझ्या भावाची दुर्बीण म्हणजे ती लेस.

जुन्या बाजारातल्या बंदुकीच्या दुकानात एक म्हातारा मिस्त्री बसतो. मी रायफल आणि लायसन्सचं पुस्तक त्याच्यापुढे ठेवलं आणि सरळ सांगितलं, "भैया, मला असं काम पाहिजे जे माझ्या उपयोगाचं असेल आणि माझ्या भावाच्या काहीच उपयोगाचं नसेल." तो चष्म्यावरून माझ्याकडे बघत राहिला. मग छत्तीसगढीत म्हणाला, "हव दीदी. समझ गे हँव."

दुर्बिणीला त्यानेही नाहीच म्हटलं. तिच्यासाठी पोलादात भोकं पाडावी लागतात आणि स्वस्तातली दुर्बीण दहा गोळ्यांत हलते. पैसे उरले तर शेवटी बघू म्हणाला. पहिलं काम त्याने काढलं ते दिसतही नाही. पावसाळ्यात लाकूड फुगून नळीला दाबत होतं, म्हणून सकाळच्या गोळ्या एकीकडे आणि दुपारच्या दुसरीकडे. त्याने नळीखालचं लाकूड आतून थोडं खरवडलं, बस. पुढच्या रविवारी माझ्या पाच गोळ्या पहिल्यांदा एका बशीत मावल्या. मग घोडा. कारखान्याचा घोडा म्हणजे बोअरिंगचा हापसा, ओढता ओढता निशाणा सुटून जायचा. त्याने तो गुळगुळीत केला. मी म्हटलं, अजून हलका कर. भडकलाच माझ्यावर. म्हणाला, "दीदी, गुस्से में हल्का ट्रिगर नहीं मांगते. हातातून पडली आणि चालली तर?" तो विषय मी सोडला. रागात होते हे त्याला कसं कळलं कोण जाणे.

मागच्या खाचेच्या जागी गोल छिद्राची साइट बसवायची का, ह्यावर मी महिनाभर घालवला. पन्नाशीनंतर खाच, पुढचा काटा आणि निशाणा तिन्ही एकदम दिसत नाहीत. छिद्रातून पाहिलं की डोळा आपोआप मधे जातो. फायदा शंभर टक्के होता. पण तो भावालाही झाला असता! माझं मन बघा कसं झालं होतं. सुईत दोरा ओवायला चष्मा लागतो मला, आणि मी चांगली वस्तू घेत नव्हते, का, तर त्याला दिसेल म्हणून. शेवटी घेतली. वर्षभर तरी मी नीट बघीन म्हटलं.

मग आला दस्ता, खांद्याला टेकतो तो लाकडी भाग. मिस्त्रीने माझा हात कोपरात वाकवला आणि कोपरापासून बोटापर्यंत टेप लावला. मी आयुष्यभर लोकांची मापं घेतली, माझं असं कोणी पहिल्यांदाच घेत होतं. दस्ता माझ्या हाताला सव्वा इंचाहून जास्त लांब निघाला. म्हणूनच गाल टेकत नव्हता आणि म्हणूनच खांदा काळा पडत होता. मागून लाकूड कापायचं, लोखंडी पत्र्याऐवजी रबराची गादी बसवायची. तो म्हणाला, सगळ्या कामांत हेच स्वस्त आणि हेच सगळ्यात कामाचं. आणि माझा भाऊ सहा फूट उंच! मला तर दुकानातच नाचावंसं वाटलं.

"एकदा कापलं की कापलं, दीदी. सोच लो."

"कापा," मी म्हटलं.

त्याने पत्रा काढला, पेन्सिलने रेघ मारली आणि करवत शोधायला आत गेला. मी सवयीने लाकडावरून नख फिरवलं. कापडावर फिरवते तसंच. रेघेच्या जरा पुढे नख अडकलं. वार्निशखाली बारीक शिवण होती, चारही बाजूंनी. शिवण उसवण्यात माझी हयात गेली आहे, मला सांगू नका शिवण कशी लागते ते.

मिस्त्रीने भिंग लावून पाहिलं. म्हणाला, हा दस्ता पूर्वी एकदा कापलेला आहे. नंतर तोच तुकडा आत खुंट्या घालून पुन्हा चिकटवला, वरून वार्निश मारलं. काम जुनं आहे, तीस-पस्तीस वर्षांचं.

मी त्याच्या स्टुलावर बसून घेतलं.

म्हणजे त्या हिवाळ्यात डबा चुकत नव्हता, कारण बाबांनी रायफल माझ्या मापाची केली होती. स्वतः उंच असून ते वर्षभर आखूड दस्त्याने चालवत राहिले. आणि पुढच्या वर्षी तुकडा परत जोडला आणि मला म्हणाले, तुझ्या हातात जोर नाही. जोर होता हो! दीड इंच लाकूड वाढवलं होतं तुम्ही! मेलेल्या माणसाला शिव्या देऊ नये म्हणतात. मी त्या दुकानात बसून मनातल्या मनात दिल्या, एकही राखून ठेवली नाही. एवढी वर्षं मी माझ्याच हातांना कमी समजत आले होते.

मिस्त्रीने विचारलं, पेन्सिलवर कापू की जोडावर?

"जोडावरच."

तुकडा मी घरी आणला आणि कात्रीच्या खणात ठेवला. नव्या गादीची रायफल पहिल्या रविवारी खांद्याला लावली तेव्हा ती अशी बसली की मला रडू यायला हवं होतं. आलं नाही. मी खंडेनवमीचे दिवस मोजत होते.

भावाचं लायसन्स भादव्यात आलं. खंडेनवमीला तो कागद घेऊनच आला, सगळ्यांना दाखवले, माझी सही कुठे लागेल तेही दाखवलं. मी पेन उघडून बसले. "आधी पूजा कर, मग नीट बघून घे," मी म्हटलं. त्याने गंध लावलं, रायफल उचलली, खांद्याला लावली. मान दुमडली, कोपर बाहेर गेलं, अंगठा थेट नाकावर. पुन्हा लावून पाहिली, पुन्हा नाकावर. एक भाची खुदकन हसली.

"हे काय करून ठेवलं तू?"

"माझ्या मापाची केली. घे ना, मी कुठे नाही म्हणून राहिली? सही करू?"

"ये तो बच्चों वाली हो गई. मेरे किस काम की? रखो तुम."

"मोठ्याने बोल. आईले ऐकू नाही आलं."

"नको मले!" तो ओरडला. वर्षभर ज्याची वाट पाहिली ते मला मिळालं. तिथेच थांबायला हवं होतं. पण हाव सुटली होती. मी खणातून तुकडा आणला, त्याला हळदकुंकू लावलं आणि ताटात घालून त्याच्यापुढे धरला. "हा घे तुझा हिस्सा. बाबांनी माझ्या रायफलले तुझ्यासाठी जोडला होता. मले म्हणे हातात जोर नाही. माझा बाप खोटं बोलला माझ्याशी!"

आईने ताटातला तुकडा उचलला आणि उलटा करून पाहिला. तिला ओळखायला एक क्षणही लागला नाही.

"त्यांले काहून बोलते? ते नाहीच म्हणत होते. मीच मागे लागली. म्हटलं, पोट्टी उद्या सासरी जाईन, घरातली चीज तिच्या मापाची काहून ठेवता? पोरगा उद्या मोठा होईन, त्याच्या मापाची करा. अन् तुले काय सांगायचं तेही मीच सांगितलं त्यांले. नाहीतर तू रडली असती."

तिने तुकडा पुन्हा ताटात ठेवला आणि प्रसाद वाढायला घेतला. सगळ्यांच्या हातावर शिरा पडला, माझ्याही. मी खाल्ला.

आईचं माप माझ्या वहीच्या पहिल्या पानावर आहे. पाठीला जरा पोक आलं आहे, उजवा खांदा डाव्यापेक्षा खाली. बाजारातला कुठलाच ब्लाउज तिला होत नाही, म्हणून अठ्ठावीस वर्षं दर दिवाळीला तिचा मीच शिवते, गिऱ्हाइकांची रांग थांबवून.

ह्या दिवाळीला मी तिला रेडीमेड आणून दिला. तिने घडी मोडली, आत माझी शिलाई शोधली, माझ्याकडे पाहिलं. मग उतरत्या खांद्याला दोन पिना लावल्या आणि तोच घालून ओवाळायला बसली.