पाण्याच्या पाळीचा फोटो

कडुबा शेजवळला गल्ल्यांची नावं लक्षात राहायची नाहीत, व्हॉल्व्ह राहायचे. हर्सूलच्या बाजूला त्याच्या डोळ्यांदेखत शेतांचे प्लॉट झाले, प्लॉटांवर इमारती उठल्या, इमारतींवर रंगीत पाट्या लागल्या. कडुबाच्या लेखी मात्र तो सगळा भाग म्हणजे चिंचेचा व्हॉल्व्ह, नाल्याचा व्हॉल्व्ह आणि जेलरोडचा जाम व्हॉल्व्ह. अजिंठ्याकडच्या एका खेड्यातून तो औरंगाबादला आला तो पाइपलाइनचे चर खणायला. ज्या चरात त्यानं कुदळ मारली, त्याच चरातल्या पाइपातून पुढं तो पाणी सोडू लागला. रोजंदारीवरून कायम झाला, लाईनमन म्हणून ओळखला जाऊ लागला. खांद्यावर ती लांब लोखंडी चावी घेऊन पहाटे निघाला की कुत्रीसुद्धा भुंकायची नाहीत.

दोन हजार तेराचा उन्हाळा आला तेव्हा हर्सूलच्या तलावात भेगा पडल्या होत्या आणि नळाला चौथ्या दिवशी पाणी यायचं. चिंचेखालच्या चेंबरमध्ये दोन व्हॉल्व्ह होते. निळ्या रंगाचा खालच्या वस्तीचा, लाल रंगाचा वरच्या नव्या सोसायटीचा. पाचला निळा उघडायचा, सहाला तो बंद करून लाल उघडायचा, सातला लाल बंद. तास इकडं, तास तिकडं. कडुबा स्वतः खालच्या वस्तीत राहायचा, आणि दुखणं तिथंच होतं.

"कडुबा, आज वस्तीत जरा जास्तच पाणी झालं म्हणे," सोसायटीतले अप्पाराव निवृत्तीनंतर रोज फाटकापाशी उभे असायचे. "असू दे बाबा. घरचा माणूस असल्यावर वस्तीची चैनच."

"तासच देतो साहेब."

"अरे, मी कुठं नाही म्हणतो? चावी तुझ्या हातात, घड्याळ तुझ्या हातात. आपण काय, टँकरवाल्याला फोन करायचा."

असं दर पाळीला चालायचं. कडुबा घरी आल्यावर भाकरी हळू चावायचा. सत्यभामेला, त्याच्या बायकोला, तेवढ्यावरून कळायचं. "आज परत टोचलं वाटतं त्या म्हाताऱ्यानं," ती म्हणायची. "तुमी बी एक सांगा त्याला, आमची गल्ली लाईनच्या शेवटाला हाय. पाच हंडे भरले तर लई झाले."

"ते त्याला कशाला सांगू? तासाचा हिशोब हाय, हंड्याचा नाय."

सोसायटीच्या चिटणीस दमयंती वैद्य. त्या बँकेतून निवृत्त झालेल्या, कमी बोलणाऱ्या, आणि ज्यावरून भांडण होतं त्यावर उपाय शोधल्याशिवाय गप्प न बसणाऱ्या. एके दिवशी त्यांनी कडुबाला फाटकाशी थांबवलं आणि त्याच्या हातात एक छोटी पिशवी दिली. पिशवीत तळहाताएवढा चंदेरी कॅमेरा होता. मुलानं पाठवलेला, खोकं फोडून तसाच ठेवलेला.

"व्हॉल्व्ह उघडला की एक फोटो, बंद केला की एक फोटो. फोटोवर तारीख-वेळ छापून येते. आठवड्यातून एकदा कार्ड मला आणून द्या, मी कॉम्प्युटरवर बघीन. मग कुणी काही म्हणायला नको. चालेल?"

"मॅडम, मला हे कुठं जमतंय."

"सरिता आहे की तुमची. आयटीआयला जाते ना?"

सरिता, कडुबाची मुलगी, इलेक्ट्रॉनिक्सला होती. कॅमेरा बघून तिनं आधी हात पुसले. बॅटरी काढून चार्जरला लावली, लाल दिवा विझेपर्यंत त्याला कुणाला हात लावू दिला नाही. मग बारीक झाकण सरकवून कार्ड आत बसवलं. "कापलेला कोपरा या बाजूला, दादा. उलटं घातलं तर जोर लावायचा नाही, काढून सरळ घालायचं." बापाला ती दादा म्हणायची.

बटण दाबलं तसं पुढचं भिंग घरघरत बाहेर आलं. सत्यभामा एक पाऊल मागं सरकली. "हे काय कासव हाय का, मान बाहेर काढतंय."

पडद्यावर भाषा विचारली. मराठी नव्हती, हिंदी होती. सरितानं हिंदी निवडली. मग तारीख आली, ती भरली. मग वेळ. सरितानं मान वर करून भिंतीवरच्या घड्याळात पाहिलं, आकडे वरखाली करत तितकेच वाजवले, आणि ओके दाबलं. शेवटी 'फोटोवर तारीख-वेळ छापा' ही सोय मेन्यूत खोल कुठंतरी होती, ती शोधून चालू केली.

पुढचे दोन दिवस शिकवणी चालली. कडुबानं पहिला फोटो काढला तो हंड्याचा, आणि फोटोत एका हंड्याचे दोन झाले.

"दादा, एकदम दाबू नका. अर्धं दाबायचं, थांबायचं. हिरवी चौकट आली का मग पूर्ण दाबायचं."

कडुबानं पुन्हा दाबलं. या वेळी हंडा एकच आला. "असं व्हय," तो म्हणाला. "व्हॉल्व्ह बी असाच असतोय. एकदम सोडला का पाइप हादरतो. आधी थोडा उचलायचा, पाण्याला वाट घेऊ द्यायची."

जवळच्या वस्तूसाठी फुलाचं चिन्ह लावायचं, हे त्याला फार आवडलं. चेंबर अंधारं, म्हणून फ्लॅश लागायचा. ओल्या लोखंडावर तो उलटा चमकायचा आणि रंग ओळखू यायचा नाही. मग कडुबानंच युक्ती काढली, टॉर्च दगडावर तिरपी ठेवायची आणि फ्लॅश बंद करायचा. पाळीच्या दिवशी चावी व्हॉल्व्हवर बसवून, वाकून, श्वास धरून तो फोटो काढू लागला. कोपऱ्यात नारिंगी आकडे उमटायचे. इतके बारीक की चष्म्याशिवाय त्याला वाचता यायचे नाहीत, पण ते बघून त्याला बरं वाटायचं. इतक्या वर्षांत त्याच्या बाजूनं कुणीतरी बोलायला लागलं होतं.

तीन आठवडे दमयंतीबाईंनी कार्ड पाहिलं. उघडल्यापासून बंद करेपर्यंत निळ्याचा तास, लालचा तास, बरोबर. अप्पारावांचं टोचणंही जरा कमी झालं.

मग एका संध्याकाळी कडुबाला सोसायटीच्या पार्किंगमध्ये बोलावलं. खुर्च्या मांडल्या होत्या. पाणीपुरवठ्याचे तरुण इंजिनिअर देवेशसाहेबही येऊन बसले होते. दमयंतीबाईंच्या हातात कागदावर छापलेले फोटो होते आणि अप्पाराव उभे होते.

"कालच्या पाळीला मी खाली टाकीपाशी होतो," अप्पाराव म्हणाले. "मुद्दाम. टाकीत पडणारी धार बंद झाली तेव्हा मोबाईलमध्ये सात वाजले होते. त्याच्या आधीच्या पाळीलाही सातच. पाणी सुरू कधी होतं ते आम्ही बघत नाही, तेव्हा सगळे झोपेत असतात. पण फोटो आहेत ना. वाचा मॅडम."

दमयंतीबाईंनी वाचलं. "लाल व्हॉल्व्ह उघडला, सव्वासहा. बंद केला, सव्वासात."

"म्हणजे उघडला सव्वासहाला. बंद केला सातला, हे मी बघितलं. आम्हाला मिळालं पाऊण तास. आणि हा दुसरा फोटो? बंद केल्यावर पंधरा मिनिटं चिंचेखाली बसून काढलाय. तास पुरा दिसावा म्हणून. काय कडुबा?"

कडुबा फोटोकडे बघत राहिला. सहाला लाल उघडला होता, हे त्याला स्वतःच्या नावाइतकं ठाऊक होतं. पण फोटो त्यानंच काढला होता आणि फोटो तसं म्हणत नव्हता.

"मी तासच दिला, साहेब," तो इंजिनिअरकडे बघून म्हणाला.

"हे मग काय आहे?" देवेशसाहेब चिडले नव्हते, त्यामुळे कडुबाला जास्त लागलं. "बघा, मला लेखी तक्रार आली तर तुमची बदली करावी लागेल. पंपहाऊसला. उद्या संध्याकाळपर्यंत काय ते सांगा. नाहीतर चावी जमा करा."

पंपहाऊसला काम कमी होतं, सावली होती. पण ज्यानं पाणी चोरून वस्तीला दिलं म्हणून हलवला, तो कडुबा, असं सगळीकडं झालं असतं. वस्तीतसुद्धा. काहींनी पाठ थोपटली असती, आणि ते त्याला अधिक नको होतं.

घरी येऊन त्यानं कॅमेरा सरितापुढं ठेवला. "हे बिघडलंय का बघ."

सरितानं फोटो मागं-पुढं केले. बॅटरी काढून घातली. "काही बिघडलं नाही, दादा. उघडला सव्वासहाला. बंद सव्वासातला. तास बरोबर आहे."

"पण म्हातारा म्हणतो, धार सातला बंद झाली."

सत्यभामा परातीत पीठ मळत होती. मान वर न करता ती म्हणाली, "मग झालं की. सव्वासात म्हंजी सातच ना."

दोघंही तिच्याकडं बघायला लागले.

"काय झालं? आपल्या घरात सव्वासातला सातच वाजत्यात. तुमीच पुढं केलंय ते घड्याळ, पहाटची पाळी चुकू नये म्हणून. लगीन झाल्यापासून तसंच हाय."

सरितानं भिंतीकडं पाहिलं. त्या घरात जन्मल्यापासून ती त्या घड्याळातून पंधरा मिनिटं वजा करत आली होती. शाळेला निघताना, दूध आणताना, बस धरताना. इतकी सवय, की वजा करतोय हेही कुणाच्या ध्यानात नसायचं. कॅमेऱ्याला मात्र ते कुणी सांगितलं नव्हतं. आणि कडुबा पहाटे बघायचा ते मनगटावरचं, आकाशवाणीवर लावलेलं घड्याळ.

"चूक माझी आहे," सरिता म्हणाली. मग तिनं कॅमेरा हातात घेतला. "दादा, वेळ आत्ता बरोबर करून टाकते. म्हणायचं, कॅमेऱ्यात गडबड होती, आता नीट चालतोय."

"हात लावू नको."

"अहो, घड्याळ पुढं होतं असं सांगितलं तर त्यांना बहाणाच वाटेल."

"वाटू दे. आत्ता चुकलेला हाय, म्हणून तर दाखवता येईल. बरोबर केलास, तर मागचे सगळे फोटो खोटे पडले. जसा हाय तसा दे."

दुसऱ्या दिवशी सकाळी तो दमयंतीबाईंच्या दारात उभा राहिला. बूट बाहेर काढून स्वयंपाकघरापर्यंत गेला, कारण त्या चहा टाकत होत्या. कॅमेरा ओट्यावर ठेवून त्यानं सगळं सांगितलं. सांगताना ते त्यालाच लटकं वाटत होतं.

दमयंतीबाईंनी कॅमेरा चालू केला, शेजारी मोबाईल ठेवला. कॅमेरा पंधरा मिनिटं पुढं होता.

"हे काल रात्रीसुद्धा करता आलं असतं, कडुबा."

"व्हय मॅडम. आलं असतं."

"मग मी विश्वास कशावर ठेवू?"

"नका ठेवू. परवा पाळी हाय. तुमी चिंचेखाली या, तुमचा मोबाईल घेऊन. कॅमेरा असाच ठेवतो. सहाला उघडला आणि त्यानं सव्वासहा छापलं, तर मागचंबी तसंच समजा. नाय छापलं तर चावी ठेवतो."

बाईंनी चहा गाळायला घेतला आणि सवयीनं ओट्यावरच्या घड्याळाकडं नजर टाकली. नजर तिथंच थांबली. मग त्या हसल्या, आवाज न करता.

"दहा," त्या म्हणाल्या. "आमचं दहा मिनिटं पुढं असतं. आमच्या ह्यांनी ऑफिसची बस चुकू नये म्हणून केलं होतं. ते जाऊन सहा वर्षं झाली." त्यांनी कप त्याच्यापुढं सरकवला. "घ्या. देवेशसाहेबांना मी फोन करते. परवापर्यंत चावी तुमच्याकडंच राहील."

परवा पहाटे त्या खरंच आल्या, स्वेटर घालून, काठी टेकत. अप्पारावही आले, कानटोपीत. कडुबानं पाचला निळा उघडला, वस्तीच्या बाजूनं हंड्यांचे आवाज येऊ लागले. सहाला दमयंतीबाईंनी मोबाईल वर धरला. कडुबानं निळा बंद केला, चावी लाल व्हॉल्व्हवर बसवली, थोडी उचलली, थांबला, मग पुरी फिरवली. पाइपातून पाणी गेल्याचा आवाज आला. त्यानं टॉर्च तिरपी ठेवली, वाकला, अर्धं दाबलं, पूर्ण दाबलं.

पडद्यावर सव्वासहा उमटले. अप्पारावांनी चष्मा चढवून ते पाहिलं, मोबाईल पाहिला, पुन्हा ते पाहिलं.

"म्हणजे तास पुरा मिळत होता," ते म्हणाले. मग थोड्या वेळानं, "मी उगाच तुला चिंचेखाली पंधरा मिनिटं बसवलं."

"सावली बरी हाय तिथं, साहेब," कडुबा म्हणाला.

सातला लाल बंद झाला. चावी खांद्यावर घेऊन कडुबा निघणार, तेवढ्यात दमयंतीबाई म्हणाल्या, "आता फोटो राहू द्या. बघितलं सगळ्यांनी. कॅमेरा सरिताला ठेवा, शिकायला उपयोगी पडेल."

"फोटो काढतो मॅडम," कडुबा म्हणाला. "आज तुमी हाय. उद्या सोसायटीत दुसरं कुणी येईल, त्याला मी कोण?" त्यानं कॅमेरा त्यांच्यापुढं धरला. "तेवढी वेळ नीट करून द्या. तुमच्या मोबाईलवरून."

बाईंना बटणं सापडेनात. अप्पारावांनी कॅमेरा हातात घेतला, हिंदीतला मेन्यू एकेक ओळ वाचत खाली गेले, आणि पंधरा मिनिटं मागं घेतली. कडुबानं खाली वाकून सातचा फोटो काढला.