गोफाची तालीम

स्नेहसंमेलनाला पाच आठवडे होते तेव्हा एका मुलीची आई मला भेटायला आली. मधल्या सुट्टीत, प्रयोगशाळेच्या दाराशी, चपला बाहेर काढून उभी. दारासुरम्‌हून टाउन बसने आली होती. घरात दोन माग, रेशमी साड्यांचं काम, त्यामुळे दिवसाढवळ्या घर सोडून येणं तिला सोपं नसणार. तिची धाकटी मुलगी माझ्या नववीच्या वर्गात होती आणि मी बसवत असलेल्या नाचात तिची निवड झाली होती.

"टीचरम्मा, तिला फार वेळ उन्हात उभं करू नका," ती म्हणाली. मग आजूबाजूला बघून आवाज खाली आणला. "तिला फिट येते. वर्षभरात दोनदा आली. तंजावरच्या डॉक्टरांच्या गोळ्या चालू आहेत. पण कुणाला सांगू नका. थोरलीसाठी स्थळं बघतोय. बाहेर कळलं तर तिचं लग्न जमायचं नाही."

"मुख्याध्यापिकाबाईंना तरी सांगावं लागेल."

"कुणालाच नको. तुमच्या पाया पडते." आणि ती खरंच वाकली. मी तिचे खांदे धरले आणि घाईघाईने म्हणाले, "नाही सांगत."

ते दोन शब्द मी इतक्या सहज बोलून गेले, आणि पुढचे पाच आठवडे मला धड जेवण गेलं नाही.

मी शिकवते विज्ञान. पण दर वर्षी हा नाच माझ्याकडेच येतो. शाळेत त्याला पिन्नल कोलाट्टम् म्हणतात. आमच्या घरी, आम्ही तंजावरकडची मराठी माणसं, त्याला गोफच म्हणत आलो. वर कडीला बारा रंगीत दोऱ्या बांधायच्या, प्रत्येकीच्या एका हातात दोरी, दुसऱ्या हातात टिपरी, आणि एकमेकींच्या आतून बाहेरून जात दोऱ्यांची वेणी घालायची. मग उलट पावलं टाकत ती सोडवायची. एकीचं पाऊल चुकलं तरी सगळा गुंता. अंगणातल्या कडुलिंबाच्या फांदीला आम्ही कडी अडकवली होती आणि शाळा सुटण्याआधीचा शेवटचा तास तालमीला मिळाला होता.

त्या तासभर मला फक्त एकच मुलगी दिसायची. तिची नजर कुठे आहे, पापण्या फडफडतात का, टिपरी हातातून सैल होते का. ती घाम पुसायला थांबली तरी मी दोन पावलं पुढे व्हायची. दर दहा मिनिटांनी मी काहीतरी कारण काढून तिला सावलीत बसवायची. "तुझा आवाज चांगला आहे, तू बसून ताल म्हण." "तुझी ओढणी नीट बांधून घे." ती निमूट बसायची, पण तिसऱ्या आठवड्यात एकदा म्हणाली, "टीचर, माझं काही चुकतं का? मलाच का बसवता?"

"चुकत नाही गं," मी म्हटलं. लगेच मी पुढचा ताल मोजायला लागले. बाकीच्या मुली एकमेकींकडे बघत होत्या. टीचरची ती लाडकी आहे असं त्यांना वाटत असावं, असं मी धरून चालले.

घरी माझ्या आईच्या लक्षात आलं. ताटात भात तसाच ठेवून उठले, तेव्हा तिने विचारलं. मी नाव न घेता सगळं सांगितलं. आईने माझं ताट झाकून ठेवलं. मग म्हणाली, "त्या बाईला दिलेला शब्द एकीकडे आणि पोरीचा जीव एकीकडे. तुला दोन्ही कसे सांभाळता येतील?" मलाही तोच प्रश्न पडला होता. दोनदा मी मुख्याध्यापिकाबाईंच्या खोलीपर्यंत गेले आणि दोनदा खडू मागून परत आले.

शेवटच्या गुरुवारी रंगीत तालीम होती. शनिवारी कार्यक्रम. मुली परकर-पोलकं आणि वर ओढणी घालून आल्या होत्या, केसात गजरे. वेणी छान घातली गेली होती, आता ती सोडवायची होती, आणि तेवढ्यात तिचं पाऊल थांबलं. तिने मान एका बाजूला वळवली, जणू कुणी हाक मारली. हातातली दोरी सुटली आणि ती खाली कोसळली.

मी धावले. धावता धावता माझा हात कमरेच्या किल्ल्यांच्या जुडग्याकडे गेला. मी बी.एस्सी. झालेली, फिट आलेल्या माणसाच्या हातात लोखंड देऊन काही होत नाही हे मी स्वतः वर्गात शिकवलेलं. तरी लहानपणी जे पाहिलं होतं तेच हाताला आठवलं. मी गुडघ्यावर बसले आणि जुडगा तिच्या मुठीत कोंबायला गेले.

"टीचर, किल्ल्या नकोत." तिच्या जोडीला नाचणारी मुलगी बोलली. आवाज अगदी शांत. "जरा मागे सरका. हवा येऊ दे."

मी मागे सरकले. एकीने आपलं दप्तर आणून तिच्या डोक्याखाली सरकवलं. दुसरीने तिची टिपरी दूर केली, गळ्याजवळची गाठ सैल केली. दोघींनी ओढण्या ताणून आडोसा धरला, कारण व्हरांड्यात सातवी-आठवीच्या मुली जमायला लागल्या होत्या. एक जण मनगटावरच्या घड्याळात बघत मोठ्याने सांगत होती, "एक मिनिट झालं." हातपाय कुणी दाबून धरले नाहीत, तोंडात काही घातलं नाही. "दोन मिनिटं." मी तिथेच बसून होते, किल्ल्या हातात घट्ट धरून. तिसरं मिनिट भरायच्या आत अंग सैल पडलं. मग त्यांनी तिला हळूच कुशीवर वळवलं.

थोड्या वेळाने तिने डोळे उघडले आणि सगळ्यांत आधी आपला परकर चाचपला. तो ओला झाला होता. तिची जोडीदारीण म्हणाली, "माझ्या दप्तरात सलवार आहे. चल." जणू हेही ठरलेलंच होतं.

बाकीच्या मुलींना मी विचारलं, "तुम्हाला कसं माहीत?"

"तिनेच सांगितलं, पहिल्याच आठवड्यात. काय करायचं, काय नाही करायचं, सगळं वहीत लिहून दिलं. पाच मिनिटांच्या वर गेलं तर एकशे आठला फोन लावायचा, तेही."

"आणि मला का नाही सांगितलं?"

एकीने पडलेली टिपरी उचलली. मग घड्याळवाली म्हणाली, "तुम्ही तिला नाचातून काढाल, असं ती म्हणाली."

मला राग आला नाही. लाज वाटली. कारण मी खरंच रोज तिला थोडं थोडं काढतच होते.

त्यानंतर लपवण्यासारखं काही उरलं नाही. मुख्याध्यापिकाबाईंनी मला बोलावून विचारलं, "तुम्हाला पाच आठवडे माहीत होतं?" मी हो म्हटलं. त्या बराच वेळ बोलल्या आणि त्यातलं एकही वाक्य चुकीचं नव्हतं. शेवटी त्या म्हणाल्या, "शनिवारी ती मुलगी स्टेजवर नको."

मुलीची आई आली ती थोरलीला बरोबर घेऊन. तिला वाटलं मीच सांगितलं. झालेलं सगळं ऐकल्यावर ती भिंतीला टेकून बसली. मी गोळ्यांचं विचारलं तेव्हा थोरलीनेच उत्तर दिलं. मंगळवारी पापनाशम्‌हून तिला बघायला माणसं आली होती. गोळ्यांचं पाकीट कुणाच्या नजरेला पडू नये म्हणून आईने ते रेशमाच्या लडींच्या डब्यात लपवलं, आणि गडबडीत तिथेच राहिलं. दोन दिवस गोळी चुकली होती.

"माझ्यामुळे झालं," थोरली म्हणाली. आई रडायला लागली. धाकटी दोघींकडे बघत होती. मग तिने मुख्याध्यापिकाबाईंकडे वळून विचारलं, "डॉक्टरांनी लिहून दिलं तर नाचू द्याल?"

बाईंना याची अपेक्षा नसावी. "आधी आणून दाखव," त्या म्हणाल्या.

शुक्रवारी मायलेकी तंजावरला गेल्या. डॉक्टरांनी लिहून दिलं: गोळी वेळेवर, झोप पुरेशी, मग नाचायला हरकत नाही. शनिवारी ती नाचली. लोक म्हणतात छान झालं. मी पडद्याआड उभी होते, गोफाकडे माझं लक्षच नव्हतं. तिची पावलं मोजत होते. सोडवताना एका जागी दोन दोऱ्या अडकल्या, टिपऱ्या क्षणभर थांबल्या. मग कुणीतरी आतून वाकून गेली आणि दोऱ्या सुटल्या.

पापनाशम्‌च्या लोकांना थोरलीने स्वतः फोन करून बहिणीचं सांगितलं. त्यांच्याकडून पुढे काहीच आलं नाही. त्या उन्हाळ्यात बाजारात मला पाहिलं की त्यांची आई दुसऱ्या बाजूने निघून जायची. मी तिला दोष देत नाही. पुढच्या वर्षी थोरलीचं लग्न चोळपुरम्‌च्या एका शिक्षकाशी झालं. पहिल्याच भेटीत त्याला सगळं सांगितलं होतं. लग्नाची पत्रिका द्यायला आई स्वतः घरी आली, कॉफी घेतली, माझ्या आईशी बराच वेळ रेशमाच्या रंगांवर बोलली. त्या गुरुवारचा विषय तिने काढला नाही, मीही नाही.

मुलगी आता अकरावीत आहे. मागच्या महिन्यात मुलींचं तीन दिवसांचं सेवाशिबिर खेड्यात होतं. वर्गशिक्षिका म्हणून यादीवर माझी सही लागत होती. पेन हातात घेऊन मी थांबले.

"टीचर, सही करा ना," ती म्हणाली. "बस सुटेल."

मी सही केली. तीन दिवस फोन हातातून खाली ठेवला नाही. चौथ्या दिवशी ती परत आली, उन्हाने काळवंडलेली, पायाला चिखल, आणि मला म्हणाली की तिकडचं सांबार फारच पातळ होतं.